४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर जावा शिकायचंय, नेमकं कोणतं टूल टाकू?

दारव्हा_बीसीए
नमस्कार सगळ्यांना. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली, बीसीए दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीनं जाणं-येणं करते. मागच्या वर्षी सी प्लस प्लस होतं ते टर्बोच्या निळ्या स्क्रीनवर केलं, या सेमिस्टरला जावा आहे. मामानं त्यांचा जुना लॅपटॉप दिला, आय३ आहे, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि बॅटरी वीसेक मिनिटं टिकते. यूट्यूबवर पाहून एक मोठा आयडीई, म्हणजे कोड लिहायचं-चालवायचं सॉफ्टवेअर, टाकला, त्यातच दोन दिवसांचा नेट पॅक संपला, आणि आता उघडला की खाली इंडेक्सिंग म्हणून पट्टी फिरत राहते, माऊस अडकतो, मंग लाईन जाते अन् लॅपटॉप बंद. असं तीन दिवस झालं, अजून हॅलो वर्ल्ड पण चाललं नाही.

मले फक्त परीक्षेपुरतं नाही शिकायचं. माझी आई बचत गटाची सचिव आहे, बारा बाया आहेत, महिन्याला दोनशे रुपये जमा करतात अन् त्यातूनच आपसात दोन टक्क्यानं कर्ज देतात. सगळं एका रजिस्टरवर आहे, मीटिंगच्या आदल्या रात्री आई बेरजा करत बसते, एखादा आकडा जुळला नाही की झोपत नाही. ते मले जावात करून द्यायचं आहे. एक्लिप्स, नेटबीन्स, इंटेलिजे, व्हीएस कोड, सगळे वेगवेगळं सांगतात. माझ्या मशीनवर काय चालेल? की नवीन लॅपटॉपशिवाय होतच नाही? नवीन घेणं यंदा तरी शक्य नाही, सोयाबीनचे पैसे पेरणीच्या उधारीतच गेले.

अकोटचा_पुण्यात
ताई, नवीन लॅपटॉप लागत नाही. मी पण २ जीबीवर सुरुवात केली होती, आता नऊ वर्षं झाली जावातच काम करतो आहे.

आधी हे समजून घे की जावा वेगळं आणि आयडीई वेगळा. जावा म्हणजे जेडीके, त्याच्यात दोन मुख्य गोष्टी, जावासी नावाचा कंपायलर जो तुझ्या फाईलचा बाईटकोड, म्हणजे जावाला चालवता येईल असं रूप, करतो, आणि जावा नावाचा प्रोग्राम जो तो बाईटकोड जेव्हीएमवर, म्हणजे जावाच्या आभासी यंत्रावर, चालवतो. आयडीई हा फक्त त्याच्याभोवतीचा संसार आहे, एडिटर, डीबगर, चुकांच्या लाल रेघा, सगळं एका जागी. आणि एक्लिप्स, नेटबीन्स, इंटेलिजे हे तिन्ही स्वतःच बहुतांशी जावात लिहिलेले आहेत, म्हणजे आयडीई उघडला की त्याची एक जेव्हीएम चालू, तू तुझा प्रोग्राम चालवला की दुसरी, वरून विंडोज स्वतः दोनेक जीबी धरून बसतं आणि यूट्यूब उघडं असेल तर विचारूच नको. रॅम संपली की विंडोज हार्ड डिस्कवर पानं टाकतं आणि काढतं, साधी डिस्क हळू, म्हणून डिस्कचा दिवा विझत नाही आणि माऊस अडकतो. इंडेक्सिंग म्हणजे आयडीई तुझा कोड आणि जेडीकेतले हजारो क्लास वाचून यादी बनवतो, म्हणजे डॉट टाकला की पुढचं सुचवता येतं. काम चांगलंच आहे, पण तुझ्या मशीनला ते आज नको.

तर असं कर. एक्लिप्स अडॉप्टियमच्या साईटवर टेमुरिन नावाचं जेडीके मिळतं, ते २१ नंबरचं घे, झिप घे, दोनशे एमबीच्या आसपास आहे. फुकट आहे आणि ओपनजेडीकेवरच बनलेलं आहे, ओरॅकलच्या लायसन्सबद्दल जे उलटसुलट ऐकायला येतं त्याचा याच्याशी संबंध नाही. सी ड्राईव्हमध्ये उघडून ठेव, मग विंडोजच्या सेटिंगमधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये पाथला, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे त्या यादीला, त्याच्या बिन फोल्डरचा पत्ता जोड, आणि जावा_होम नावाचं व्हेरिएबल करून त्यात बिनच्या बाहेरच्या फोल्डरचा पत्ता दे. आता एक गोष्ट जिथे सगळे अडकतात, पाथ बदलल्यावर आधीपासून उघडी असलेली काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, बंद करून नवीन उघडायची, जुनीला नवा पाथ कळत नाही आणि ती नॉट रेकग्नाइज्डच म्हणत राहते. मी पहिल्यांदा यात आख्खी दुपार घालवली होती.

एडिटर म्हणून नोटपॅड प्लस प्लस किंवा जीनी, दोन्ही काही एमबीचे आहेत आणि झटक्यात उघडतात. फाईल सेव्ह कर, काळ्या खिडकीत जावा लिहून पुढे फाईलचं पूर्ण नाव डॉट जावासकट दे, बस. जावा ११ पासून, म्हणजे सप्टेंबर २०१८ पासून, एकाच फाईलचा प्रोग्राम असा वेगळा कंपाईल न करता थेट चालतो. आणि जेशेल वापरून बघ, २०१७ मध्ये जावा ९ सोबत आलं, जेशेल टाईप करून एंटर मारलं की एकेक ओळ लिही आणि लगेच उत्तर बघ, क्लास नको मेन नको. वर्गात सरांनी काही सांगितलं आणि पटलं नाही तर तिथल्या तिथे तपासता येतं.

एकच सांभाळ. बऱ्याच कॉलेजच्या लॅबला अजून जावा ८ असतं, ते मार्च २०१४ चं आहे. घरी तू नवीन काही वापरलं, म्हणजे व्हार किंवा रेकॉर्ड, तर लॅबमध्ये ते चालणार नाही. त्यासाठी जावासीला डॅश डॅश रिलीज ८ असं सांगून घरीच कंपाईल करून बघायचं, ८ मध्ये नसलेलं काही असेल तर तो तिथेच पकडतो. एक इशारा दाखवेल की ८ जुनं झालं, तो सोडून दे.

संगणक_मास्तर_दिग्रस
वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं, पाया तोच. पण मी बावीस वर्षं पोरांना शिकवतो आहे, माझा अनुभव असा की काळ्या खिडकीत जावा चालवता येते पण ऑब्जेक्ट म्हणजे काय ते डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी बेटा ब्लूजे टाक. हे शिकवण्यासाठीच बनवलेलं आहे, १९९९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात मायकेल कोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलं, आता लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून चालतं. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये जेडीके सोबतच येतं, पाथबिथची भानगड नाही, आणि मोठ्या आयडीईपेक्षा पुष्कळ हलकं आहे.

तुझ्या आईच्या गटाचंच उदाहरण घे. ब्लूजेत नवीन क्लास कर, नाव दे सभासद. जावात क्लासचं नाव देवनागरीत सुद्धा चालतं, युनिकोडची परवानगी आहे, पण प्रॅक्टिकलला इंग्रजी अक्षरातच ठेव म्हणजे फाईलच्या नावाचा घोळ होणार नाही. त्यात दोन फील्ड म्हणजे माहितीचे रकाने, नाव आणि शिल्लक, आणि एक मेथड म्हणजे करायचं काम, हप्ता भरण्याची. कंपाईल केलं की पडद्यावर सभासद नावाचा चौकोन दिसतो. त्याच्यावर राईट क्लिक करून न्यू म्हण, नाव विचारेल, मंदाबाई लिही, खाली बेंचवर एक लाल ठोकळा येतो. परत न्यू म्हण, शोभाबाई, दुसरा ठोकळा. आता मंदाबाईच्या ठोकळ्यावर राईट क्लिक करून हप्ता मेथड निवड आणि दोनशे टाक. मग दोन्ही ठोकळे इन्स्पेक्ट करून बघ, मंदाबाईची शिल्लक दोनशे आणि शोभाबाईची शून्य. साचा एक, बाया दोन, प्रत्येकीचं खातं वेगळं. हे एकदा आपल्या हातानं केलं की पुस्तकातली व्याख्या पाठ करावी लागत नाही.

मागच्या बॅचला एका पोरानं शिल्लकच्या आधी स्टॅटिक लिहिलं होतं, कुठल्यातरी पीडीएफमध्ये पाहून. एकीचा हप्ता भरला तर सगळ्यांची शिल्लक वाढायची. तो दोन दिवस हप्त्याच्या मेथडमध्येच चूक शोधत होता. मी काही बोललो नाही, फक्त त्याला इन्स्पेक्टची खिडकी उघडायला लावली. तिथे ऑब्जेक्टमध्ये शिल्लक नव्हतीच, ती क्लासकडे होती. खाली बसूनच त्यानं डोक्याला हात लावला. स्टॅटिक म्हणजे गटाची सामाईक पेटी, प्रत्येकीचं पासबुक नाही, हे त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळलं.

टर्बोबद्दल एक सांगतो कारण तू त्यातून आली आहेस. सी प्लस प्लसचं पहिलं अधिकृत स्टँडर्ड १९९८ ला आलं, टर्बो ३ त्याच्या आधीचा आहे, म्हणून त्यात आयओस्ट्रीम डॉट एच आणि व्हॉईड मेन चालतं आणि आजच्या कंपायलरला चालत नाही. तिथल्या सवयी जावात आणू नकोस, विशेषतः सगळं मेनमध्येच कोंबायची.

वरुड_ते_हैदराबाद
मास्तर, ब्लूजे शिकायला चांगलं आहे, मान्य, पण ताईनं तिथेच थांबू नये असं मला मनापासून वाटतं. मी कॉलेजला नोटपॅडवरच राहिलो आणि पहिल्या नोकरीत सगळे इंटेलिजेत काम करायचे तेव्हा मला ब्रेकपॉईंट कसा लावायचा ते माहिती नव्हतं, पहिले दोन महिने फार जड गेले. डीबगर शिकणं गरजेचं आहे. प्रोग्राम एका ओळीवर थांबवायचा, त्या क्षणी कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते बघायचं, एक ओळ पुढे जायचं. प्रिंटलाईन टाकून चुका शोधणं सगळेच करतात पण मोठ्या कोडमध्ये ते पुरत नाही. आणि रीनेमसारखी गोष्ट, एका मेथडचं नाव बदललं की चाळीस फाईलींमध्ये बरोबर तेवढंच बदलतं, हे साध्या एडिटरमध्ये शोधा-बदला करून होत नाही, भलतंच बदलून बसतं.

व्हीएस कोडबद्दल एक गैरसमज आहे तो दूर करतो. लोक म्हणतात ते हलकं, नुसतं एडिटर म्हणून आहेही, पण जावाचं एक्स्टेन्शन टाकलं की मागे एक लँग्वेज सर्व्हर, म्हणजे कोड वाचून सूचना देणारा प्रोग्राम, चालू होतो आणि तो एक्लिप्सच्याच कंपायलरवर बांधलेला आहे, म्हणजे परत एक जेव्हीएम आलीच. ४ जीबीवर त्यात आणि एक्लिप्समध्ये मला फार फरक वाटला नाही.

एक्लिप्स वापरायचंच असेल तर पूर्ण एंटरप्राईजवालं नको, जावा डेव्हलपर्सवालं पॅकेज घे. एक्लिप्स डॉट आयएनआय फाईलमध्ये एक्सएमएक्स म्हणून ओळ असते, जास्तीत जास्त मेमरी किती वापरायची त्याची, ती कमी करता येते, माझ्या जुन्या मशीनवर मी ७६८ एमबी ठेवली होती आणि छोट्या प्रोजेक्टला पुरायची. प्रोजेक्ट मेनूतलं बिल्ड ऑटोमॅटिकली बंद कर. वर्कस्पेसमध्ये दहा प्रोजेक्ट उघडे ठेवू नको, नको ते क्लोज कर.

आणि पुढच्या वर्षी दोन पैसे हातात आले तर लॅपटॉप बदलण्याआधी एसएसडी, म्हणजे साध्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, टाक, मग रॅम. या क्रमानं. मी माझ्या लहान भावाच्या लॅपटॉपला अमरावतीहून एसएसडी टाकून आणली, तोच आय३ आहे, पण आता चहा ठेवायच्या आत विंडोज उघडतं. रॅम घेताना आधीची डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते बघून घे, एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही.

वणीकडचा
ताई लाईन गेल्यावर काय करायचं ते मी सांगतो. मोबाईलवर टर्मक्स टाक, म्हणजे मोबाईलमधली काळी खिडकी, एफ-ड्रॉईड नावाच्या ॲप स्टोअरवरून घेतलेलं बरं. त्यात पीकेजी इन्स्टॉल ओपनजेडीके-१७ असं लिहिलं की जावा मोबाईलवरच येते, खरीखुरी, जावासी सकट. मी ओटीजी केबलनं साधा कीबोर्ड लावतो अन् रातभर लाईन नसली तरी काम चालते. खिडक्याबटनवाला स्विंगचा प्रोग्राम त्याच्यावर असातसा दिसत नाही, पण हिशोबाचा भाग, क्लास, लूप, फाईल, हे सगळं होते. आमच्याकडे डीपी जळली होती तवा आठ दिवस मी असंच केलं, असाईनमेंट वेळेवर दिली.

अन् गिट शीक, कोडच्या मागच्या प्रती जपून ठेवते ते. लोकायले वाटते गिट म्हणजे इंटरनेट. तसं नाही, कमिट, म्हणजे त्या वेळची प्रत ठेवणं, तर आपल्याच डिस्कवर होते, नेट लागतच नाही. दिवसातून चार-पाच वेळा कमिट करत जाय, म्हणजे लाईन जाऊन फाईल खराब झाली तरी मागची जशीच्या तशी काढता येते.

दारव्हा_बीसीए
सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. जेडीके २१ टाकलं, पाथला तसंच झालं, जुनीच खिडकी उघडी होती. ब्लूजे पण टाकलं, दीडेक मिनिटात उघडते पण उघडल्यावर अडकत नाही. मंदाबाई शोभाबाई करून पाहिलं. आईला बोलावून दाखवलं तर ती म्हणे शोभाचे पण दोनशे टाक, तिनं भरले आहेत.

आता दोन अडचणी आल्या. बायांची नावं मराठीत फाईलमध्ये लिहिली, घरी फाईल नोटपॅडमध्ये बरोबर दिसते, पण तोच प्रोग्राम कॉलेजच्या लॅबमध्ये चालवला तर फाईलमध्ये नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात, बाराच्या बारा बाया प्रश्नचिन्ह. आणि व्याज डबलमध्ये, म्हणजे जावाच्या दशांश आकड्याच्या प्रकारात, धरलं तर कधी कधी शेवटी पैशाच्या पुढे लांबलचक आकडे येतात. आईसमोर असा आकडा ठेवला तर ती रजिस्टरच बरं म्हणेल.

अकोटचा_पुण्यात
दोन्ही ओळखीच्या अडचणी आहेत.

पहिली. जावा १८ पासून सगळीकडे यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची पद्धत, हे ठरलेलं आहे. त्याच्या आधी जावा ऑपरेटिंग सिस्टिमला विचारायची की तुझं कॅरेक्टर सेट कोणतं, आणि विंडोजवर ते बहुतेक वेळा पश्चिमेकडच्या भाषांचं निघायचं, त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत, मग लिहिताना प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. आणि एकदा प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं की मूळ नाव गेलं, ते परत मिळत नाही, म्हणून खऱ्या डेटावर असा प्रयोग करू नको. उपाय म्हणजे फाईल लिहिताना आणि वाचताना दोन्हीकडे यूटीएफ-८ स्वतः सांगायचं, फाईल्स डॉट न्यूबफर्डरायटरला दुसऱ्या जागी स्टँडर्डकॅरसेट्स डॉट यूटीएफ_८ दे. जावा ८ वर पण चालतं. नावं थेट कोडमध्ये लिहिली असतील तर कंपाईल करताना जावासीला डॅश एन्कोडिंग यूटीएफ-८ हे पण सांग, नाहीतर तिथेच बिघडतं. आणि विंडोजच्या काळ्या खिडकीत मराठी बघायचा हट्ट सोड, तिथे काना मात्रा नीट जुळत नाहीत, स्विंगच्या खिडकीत निर्मला यूआय फॉन्ट लावला की व्यवस्थित दिसतं.

दुसरी. जेशेल उघड आणि ०.१ अधिक ०.२ कर. ०.३०००००००००००००००४ येईल. डबल आकडा दोनाच्या घातांच्या बेरजेत साठवतो, आणि आपला एक दशांश त्यात पूर्ण बसत नाही, जसं आपल्याकडे एक तृतीयांश ०.३३३ करत कधी संपत नाही. म्हणून पैसे डबलमध्ये कधीच ठेवायचे नाहीत. तुझ्यासाठी सोपं म्हणजे सगळं पैशात ठेव, लाँगमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या प्रकारात, दोनशे रुपये म्हणजे २०००० पैसे, दाखवताना शंभरनं भाग. अचूक दशांश आकड्यांसाठी बिगडेसिमल पण आहे, पण त्याला आकडा अवतरणात स्ट्रिंग म्हणून दे, उघडा ०.१ दिला तर तोच बिघडलेला डबल आत जातो. आणि अर्ध्या पैशाचं काय करायचं, वर धरायचं की खाली, ते तू ठरवू नकोस, आईला विचार. गटाची पद्धत असेल तीच कोडमध्ये पाहिजे.

वरुड_ते_हैदराबाद
डेटासाठी मायएसक्यूएल टाकू नको, त्याचा सर्व्हर सारखा चालू राहतो, तुझ्या रॅमला भार. एसक्यूलाईट घे, आख्खा डेटाबेस एकच फाईल, पेनड्राईव्हवर बॅकअप घेता येतो. मुख्य म्हणजे व्यवहार पूर्ण होतो नाहीतर होतच नाही, मध्येच लाईन गेली तर अर्धवट हप्ता नोंदला जात नाही. साध्या फाईलवर तू आख्खी यादी परत लिहायला घेतली आणि तेव्हाच बॅटरी गेली तर फाईल रिकामी होऊ शकते. जावातून बोलायला एसक्यूलाईटची जेडीबीसी जार, म्हणजे जावा आणि डेटाबेस जोडणाऱ्या तयार कोडची फाईल, लागते, आणि तिच्या नव्या आवृत्त्यांसोबत एसएलएफ४जे-एपीआय ही दुसरी जार पण क्लासपाथमध्ये, म्हणजे जावा तयार कोड जिथे शोधते त्या यादीत, ठेवावी लागते, नाहीतर नोक्लासडेफफाऊंडएरर येतो. विंडोजवर दोन जारांच्या मध्ये अर्धविराम, लिनक्सवर अपूर्णविराम. मेव्हन, म्हणजे अशा जार आपोआप आणून देणारं टूल, सध्या नको, दोन जारांसाठी ते मोठं होतं. पुढे शिकशील तेव्हा कॉलेजच्या वायफायवर एकदा डिपेंडन्सी गो-ऑफलाईन चालवून घे आणि घरी एमव्हीएन डॅश ओ वापर, मग नेट नसलं तरी चालतं.

दारव्हा_बीसीए
लाँगमध्ये पैसे केले, जुळलं. यूटीएफ-८ सांगितल्यावर लॅबमध्ये पण नावं बरोबर आली. अर्ध्या पैशाचं आईला विचारलं, ती म्हणे आम्ही वरचे पैसे गटाच्या पेटीत टाकतो, बाईकडून पूर्ण रुपयाच घेतो. म्हणजे वर धरायचं. एसक्यूलाईट या आठवड्यात करते.

शेवटचं एक विचारते. मीटिंग अध्यक्ष काकूंच्या घरी असते, त्यांच्या पोराचा कॉम्प्युटर आहे पण त्यावर जावा नाही. तिथे कसं चालवायचं?

अकोटचा_पुण्यात
जेडीकेतच जेपॅकेज नावाचं टूल आहे, जावा १६ पासून पक्कं झालं. तुझी जार आणि जावाचा लागणारा भाग एकत्र बांधून देतं, समोरच्याकडे जावा नसली तरी चालतं. एक्सई इन्स्टॉलर बनवायचा असेल तर विंडोजवर विक्स नावाचं आणखी एक टूल लागतं, त्यात पडू नको, टाईप ॲप-इमेज सांग, एक फोल्डर तयार होतं, ते पेनड्राईव्हवर ने आणि त्यातल्या एक्सईवर डबल क्लिक कर. फक्त डेटाबेसची फाईल त्या फोल्डरच्या बाहेर ठेव, कारण प्रोग्राम सुधारला की फोल्डर आख्खं बदलशील आणि त्यासोबत हिशोब पण जाईल.

संगणक_मास्तर_दिग्रस
आणि बेटा पहिले तीन महिने रजिस्टर बंद करू नको. दोन्हीकडे लिहा, मीटिंगमध्ये दोन्ही बेरजा वाचा. जिथे फरक येईल तिथे आधी रजिस्टर तपास, मग कोड.

दारव्हा_बीसीए
हो सर, तसंच करते. मीटिंग पाच तारखेला आहे, झाली की इथेच सांगते.